श्वापद, शिंगे आणि सात समया : पवित्र शास्त्रातील भविष्यपर प्रतीके कशी वाचावीत

पवित्र शास्त्रातील शेवटचे, प्रकटीकरणाचे पुस्तक पहिल्यांदा उघडणारा वाचक बहुधा तेराव्या अध्यायापाशी अडखळतो. समुद्रातून एक श्वापद वर येते. त्याला दहा शिंगे आणि सात डोकी आहेत, अंग चित्त्यासारखे, पाय अस्वलासारखे आणि तोंड सिंहासारखे आहे. इथे पोहोचलेला वाचक एक तर पुस्तक मिटून ठेवतो, नाही तर त्या आठवड्याच्या बातम्यांत ते श्वापद शोधू लागतो. रविवारच्या अभ्यासवर्गात नवख्या वाचकांबरोबर हे पुस्तक वाचताना मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत आणि दोन्हींचे मला सारखेच वाईट वाटते, कारण आपल्या तिसऱ्याच वचनात वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हणणारे हे पुस्तक त्यांना घाबरवण्यासाठी किंवा कोडी घालण्यासाठी लिहिले गेले असेल, हे मला पटत नाही. म्हणून या लेखात तेच श्वापद शेवटपर्यंत हाती धरले आहे आणि त्याच्या आधाराने प्रतीके वाचण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक चुका चौथ्या पायरीवरचे काम पहिल्या पायरीवर केल्यामुळे होतात.

पहिली पायरी : लिखाणाची जात ओळखा

भारुडात विंचू चावतो तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी औषध आणायला उठत नाही. तो विंचू कामक्रोधाचा आहे, हे भारूडच सांगते, आणि ऐकणाऱ्यालाही भारूड कसे ऐकावे याची सवय असते. दानीएल, यहेज्केल, जखऱ्या आणि प्रकटीकरणाचा लेखक योहान यांचे दृष्टांत ज्या लोकांनी पहिल्यांदा ऐकले त्यांनाही अशीच सवय होती. पशू म्हणजे राज्य, शिंग म्हणजे सामर्थ्य किंवा सामर्थ्यवान राजा, तारे म्हणजे दूत किंवा अधिपती, ही भाषा त्यांच्या कानांवरची होती. प्रकटीकरणाच्या पहिल्या वचनात देवाने हे आपल्या दासाला ‘कळवले’ असे आपण वाचतो, तिथले मूळ ग्रीक क्रियापद चिन्ह या अर्थाच्या शब्दाच्या कुळातले आहे; म्हणजे आपण चिन्हांतून बोलणार आहोत, हे पुस्तक दारातच सांगून टाकते.

यावरून हे सगळे केवळ कल्पनेचे खेळ आहेत, असा अर्थ काढू नये. प्रतीक ज्याच्याकडे बोट दाखवते ते खरेच असते. दानीएलाच्या आठव्या अध्यायातला एडका काल्पनिक असला तरी मेदी व पारसी यांचे राज्य काल्पनिक नव्हते. चित्र आणि चित्रातून दाखवलेली वस्तू यांतला फरक मनात पक्का केला, की पुढचा प्रवास सोपा होतो.

दुसरी पायरी : मजकूर स्वतः काय उलगडतो ते आधी पाहा

ही पायरी सर्वांत सोपी आहे आणि सर्वांत जास्त वगळली जाते. दृष्टांत सांगणारे लेखक पुष्कळदा स्वतःच अर्थ सांगतात. पहिल्या अध्यायात योहानाला सोन्याच्या सात समया दिसतात आणि त्यांच्यामध्ये मनुष्याच्या पुत्रासारखा कोणी उभा असतो. समई म्हणजे काय, याचा तर्क करण्याची गरजच नाही, कारण त्याच अध्यायाच्या शेवटच्या वचनात सांगितले आहे की, सात समया म्हणजे सात मंडळ्या, अर्थात ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचे समुदाय. बाराव्या अध्यायातला अजगर म्हणजे दियाबल व सैतान म्हटलेला जुनाट साप, हे नवव्या वचनात आहे. सतराव्या अध्यायात तर देवदूत शिक्षकासारखा एकेक गोष्ट उलगडतो : दहा शिंगे म्हणजे दहा राजे, स्त्री ज्यावर बसली आहे ते जलप्रवाह म्हणजे लोक, समुदाय, राष्ट्रे व भाषा, आणि ती स्त्री म्हणजे पृथ्वीच्या राजांवर सत्ता चालवणारे मोठे नगर. त्याच अध्यायात सात डोक्यांचा अर्थ सात डोंगर असा दिला आहे आणि लगेच सात राजे असाही दिला आहे. एका प्रतीकाला एकाच वेळी दोन अर्थ देण्यात लेखकाला काही अडचण वाटत नाही, ही गोष्ट एका चित्राला एकच उत्तर हवे असा हट्ट धरणाऱ्याने लक्षात ठेवावी.

जुन्या करारातही, म्हणजे ख्रिस्तापूर्वीच्या ग्रंथांतही, हेच आढळते. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायातील सुकलेल्या हाडांचे खोरे म्हणजे इस्राएलाचे सर्व घराणे, असे अकरावे वचन सांगते. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या स्वप्नातील पुतळ्याचे सोन्याचे डोके तू आहेस, असे दानीएल त्या राजाला तोंडावर सांगतो.

तेव्हा पेन्सिल घेऊन बसावे आणि मजकुराने ज्या प्रतीकाचा अर्थ स्वतः दिला आहे, त्याखाली सरळ रेघ ओढावी. ज्याचा दिलेला नाही, त्याखाली तुटक रेघ ओढावी. आपल्या तर्काचे काम फक्त तुटक रेघांपुरते आहे, आणि तेसुद्धा पुढच्या दोन पायऱ्या चढल्यानंतरच.

तिसरी पायरी : चित्र आधी कुठे आले आहे ते शोधा

प्रकटीकरणात ४०४ वचने आहेत. त्यांत जुन्या करारातले सरळ, नाव घेऊन दिलेले अवतरण जवळजवळ सापडत नाही, पण जुन्या कराराचे पडसाद शेकड्यांनी आहेत. योहान जुना करार उद्धृत करत नाही; तो त्यातच विचार करतो. म्हणून जुना करार न वाचता प्रकटीकरण वाचणे म्हणजे कीर्तनाचा पूर्वरंग चुकवून उत्तररंगाला येऊन बसण्यासारखे आहे.

आता आपल्या श्वापदाकडे येऊ. दानीएलाच्या सातव्या अध्यायात चार वारे महासमुद्र खवळवतात आणि त्यातून चार पशू वर येतात. पहिला गरुडाचे पंख असलेल्या सिंहासारखा आहे. दुसरा अस्वलासारखा, एका बाजूवर उठलेला आणि तोंडात तीन फासळ्या धरलेला आहे. तिसरा चित्त्यासारखा असून त्याला चार पंख आणि चार डोकी आहेत. चौथ्याला कशाचीच उपमा देता येत नाही. त्याला लोखंडी दात आणि दहा शिंगे आहेत. सतराव्या वचनात अर्थही दिला आहे : हे चार पशू म्हणजे पृथ्वीवर उद्भवणारे चार राजे. डोकी मोजून पाहावीत. सिंहाचे एक, अस्वलाचे एक, चित्त्याची चार आणि चौथ्या पशूचे एक, अशी सात होतात, आणि शिंगे दहा. योहानाच्या श्वापदाचीही डोकी सात आणि शिंगे दहाच आहेत, आणि अंगाचे वर्णन करताना तो चित्ता, अस्वल, सिंह असा दानीएलाच्या उलट क्रम घेतो. दानीएलाला चार साम्राज्ये एकामागून एक दिसली. योहानाला ती सगळी एकाच देहात गोळा झालेली दिसली. त्याच्या समोरच्या सत्तेत पूर्वीच्या सगळ्या सत्तांची क्रूरता एकवटली होती, हे त्याने एकही स्पष्टीकरण न देता सांगितले. मला स्वतःला ही डोक्यांची बेरीज जुळली, तेव्हापासून या अध्यायाची भीती गेली आणि लिहिणाऱ्याविषयी आदर वाढला.

चित्राचे मूळ सापडले, तरी त्याचा अर्थ जसाच्या तसा उचलून पुढे नेऊ नये. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात यहूदा वंशाचा सिंह हे ख्रिस्ताचे नाव आहे, तर पेत्राच्या पहिल्या पत्रात गर्जणारा सिंह हे सैतानाचे वर्णन आहे. साप एदेन बागेत फसवणारा आहे, तर गणनेच्या एकविसाव्या अध्यायात खांबावर टांगलेला पितळी साप पाहणाऱ्याला जीवदान देतो. प्रतीकांचा तयार शब्दकोश करून तो सगळीकडे लावणारी पुस्तके बाजारात मिळतात. नवख्याने ती निदान पहिले वर्षभर बाजूला ठेवावीत. अर्थ ठरतो तो त्या त्या उताऱ्यातल्या संदर्भावरून.

याच पायरीवर भाषांतराचीही आठवण ठेवावी लागते, कारण काही प्रतीके मूळ हिब्रू शब्दांच्या नादावर उभी आहेत. यिर्मयाला बदामाची काठी दिसते आणि परमेश्वर म्हणतो की, मी आपले वचन पुरे करण्याविषयी जागरूक आहे. मराठीत बदाम आणि जागरूकता यांचा संबंध लागत नाही. हिब्रूत बदाम म्हणजे ‘शाकेद’ आणि जागा राहणारा म्हणजे ‘शोकेद’. आमोसाच्या आठव्या अध्यायातही असेच आहे : टोपलीतली उन्हाळी फळे म्हणजे ‘काइत्स’ आणि इस्राएलाचा अंत म्हणजे ‘केत्स’. चित्र आणि अर्थ यांचा सांधा जिथे अजिबात दिसत नाही, तिथे आपल्या बुद्धीला दोष न देता तळटीप असलेली आवृत्ती पाहावी किंवा दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवून वाचावीत. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून पंडिता रमाबाईंनी केलेले भाषांतर मराठीला लाभलेले आहे. प्रचलित आवृत्तीबरोबर ते ठेवले, तर कुठे शब्दांचा पेच आहे हे पुष्कळदा लगेच ध्यानात येते.

चौथी पायरी : ज्यांना लिहिले त्यांच्या गावात जाऊन उभे राहा

प्रकटीकरण हे पत्रही आहे. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया, अशा आजच्या तुर्कस्तानातील सात नगरांमधल्या मंडळ्यांना ते पाठवले गेले, आणि लिहिणारा एजियन समुद्रातल्या पात्म नावाच्या लहान बेटावर होता. दुसऱ्या शतकातील धर्माचार्य इरेनियस हा दृष्टांत रोमन सम्राट दोमितियनच्या कारकिर्दीच्या अखेरचा मानतो, म्हणजे इ. स. ९६ च्या थोडा आधीचा. काही अभ्यासक तो सम्राट नीरोनंतर लगेच, इ. स. ७० च्या आधी झाला असे मानतात. दोन्ही मतांत सत्ता रोमचीच आहे.

लावदिकीयाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तू कोमट आहेस, थंड नाहीस आणि गरमही नाहीस, असे त्या मंडळीला सांगितले जाते. आपण याचा अर्थ सहसा उत्साह कमी पडला असा करतो, आणि मग थंड असण्यापेक्षा कोमट असणे वाईट कसे, या प्रश्नात अडकतो. लावदिकीयाच्या शेजारी हिरापोलिस होते, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. दुसऱ्या बाजूला कलस्सै होते, तिथे थंड पाणी मिळत असे. गरम पाणी अंग शेकायला उपयोगी, थंड पाणी तहान भागवायला उपयोगी, कोमट पाणी कशालाच नाही. इ. स. ६० च्या भूकंपात हे नगर कोसळले आणि सम्राटाची मदत न घेता त्याने स्वतःला उभारले. मी धनवान आहे, मला कशाचीही उणीव नाही, हे शब्द तिथल्या मंडळीला कुठे बोचले असतील, हे यावरून समजते.

आता श्वापद. पर्गमात इ. स. पू. २९ पासून सम्राट ऑगस्टस आणि रोमा देवता यांच्या पूजेचे मंदिर होते. सम्राटाला देव म्हणणे हा त्या प्रदेशात नागरी जीवनाचा भाग होता, आणि त्यात सामील न होणाऱ्याला सण-समारंभांत, व्यवसायसंघांत आणि बाजारात अडचणी येणे स्वाभाविक होते. उजव्या हातावर किंवा कपाळावर श्वापदाची खूण नसलेल्यांना विकत घेता येत नाही व विकता येत नाही, हे शब्द त्या वाचकांना दूरच्या भविष्याचे वाटले नसतील. सतराव्या अध्यायातील सात डोंगर ऐकताच सात टेकड्यांचे रोम डोळ्यांसमोर आले असेल. मग योहानाने त्या नगराला बाबेल का म्हटले? बाबेलच्या सैन्याने इ. स. पू. ५८६ मध्ये यरुशलेमेचे मंदिर जाळले होते आणि रोमच्या सैन्याने इ. स. ७० मध्ये दुसरे मंदिर जाळले. त्या काळच्या यहुदी लिखाणांतही रोमसाठी बाबेल हे नाव आढळते.

पाचवी पायरी : संख्यांना तोलून पाहा

सात म्हणजे पूर्णता, बारा म्हणजे देवाचे लोक, एवढे पहिल्या वाचनाला पुरते. साडेतीन वर्षे, बेचाळीस महिने आणि १२६० दिवस हे एकाच कालावधीचे तीन उच्चार आहेत (तीस दिवसांचा महिना धरला की हिशेब जुळतो), आणि त्याचे मूळ दानीएलातील ‘एक काळ, दोन काळ व अर्धा काळ’ यात आहे. साताचे अर्धे, म्हणजे छळ खरा असला तरी अपुरा आणि मुदतीचा. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायातील १,४४,००० ही संख्या बारा गुणिले बारा गुणिले हजार अशी आहे. योहान ही संख्या ऐकतो, आणि वळून पाहतो तेव्हा त्याला कोणाला मोजता येणार नाही असा मोठा समुदाय दिसतो.

तेराव्या अध्यायाच्या शेवटी श्वापदाची संख्या म्हणून दिलेल्या ६६६ ची गोष्ट थोडी निवांत सांगायला हवी. हिब्रू व ग्रीक भाषांत अक्षरेच अंकांचे काम करत, त्यामुळे कोणत्याही नावाची बेरीज करता येई. पाँपेई शहराच्या भिंतीवर एका प्रेमिकाने, जिची संख्या ५४५ आहे तिच्यावर माझे प्रेम आहे, असे ग्रीकमध्ये खरडून ठेवले आहे. म्हणजे हा प्रकार सामान्य लोकांच्याही परिचयाचा होता. ‘नीरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले, तर ५०, २००, ६, ५० आणि १००, ६०, २०० अशी बेरीज ६६६ होते. काही प्राचीन हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आहे, आणि नावातला शेवटचा ‘न’ काढून टाकला तर ५० कमी होऊन बेरीज बरोबर ६१६ येते. दोन्ही संख्यांचा उलगडा एकाच नावाने होतो, म्हणून आज पुष्कळ अभ्यासकांना हा अर्थ सबळ वाटतो, आणि मलाही तो पटतो. तरी इरेनियसने ही संख्या किती वेगवेगळ्या नावांना बसते हे दाखवून घाईने निष्कर्ष काढू नये असे सांगितले होते, त्या सूचनेचे वजन आजही कमी झालेले नाही. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट सुधारकांनी श्वापदात पोपची सत्ता पाहिली, तेव्हा त्यांच्या विरोधकांनी त्या सुधारकांतल्या मार्टिन लूथरच्याच नावातून ६६६ काढून दाखवले.

आमच्या वर्गात एका तरुणाने काळजीच्या सुरात विचारले होते की, उजव्या हातावरची खूण म्हणजे आजचे एखादे ओळखपत्र असेल का. मी त्याला तो अध्याय संपल्यावरचे पुढचे वचन वाचायला सांगितले. मधली अध्यायाची सीमा योहानाने घातलेली नाही; अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे. ती दृष्टीआड केली, की श्वापदाच्या खुणेनंतर लगेच कोकऱ्याबरोबर, म्हणजे ख्रिस्ताबरोबर, उभे असलेले लोक दिसतात आणि त्यांच्या कपाळावर कोकऱ्याचे व पित्याचे नाव लिहिलेले असते. जुन्या करारातील अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने हाताला बांध व कपाळावर लाव, अशी आज्ञा आहे. हात आणि कपाळ म्हणजे करणे आणि मानणे. आपण कोणाचे, हा तिथला प्रश्न आहे. कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या तुकड्याने नकळत श्वापदाचे होता येत नाही.

सहावी पायरी : चित्र कुठे वळण घेते ते पाहा

प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातील वडीलमंडळातील एक जण योहानाला सांगतो की, रडू नकोस, यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे. योहान पाहतो, तर तिथे सिंह नाही. वधल्यासारखा एक कोकरा उभा आहे. सिंह उत्पत्तीच्या एकोणपन्नासाव्या अध्यायातून आलेला आहे, कोकरा निर्गमाच्या वल्हांडण सणातून आणि यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातून. ऐकले एक आणि दिसले दुसरे, आणि दुसरे पहिल्याचा अर्थ बदलून टाकते : विजय झाला खरा, पण जीव घेऊन नव्हे, जीव देऊन. या पुस्तकातले हे सर्वांत मोठे वळण आहे, असे मी मानतो.

हे ध्यानात ठेवून तेराव्या अध्यायाकडे परत जावे. श्वापदाच्या एका डोक्यावर प्राणघातक घाव आहे आणि तो बरा झाला आहे. त्या डोक्याला योहानाने ‘वधल्यासारखे’ म्हटले आहे, आणि ग्रीकमधला शब्द कोकऱ्यासाठी वापरलेलाच आहे. इ. स. ६८ मध्ये नीरोने आत्मघात केल्यावर तो परत येणार अशा अफवा उठल्या आणि त्याचे नाव सांगणारे तोतयेही पुढे आले, ही पार्श्वभूमी इथे असू शकते. परंतु शब्दांची ही जुळणी त्याहून खोल जाते. श्वापद कोकऱ्याची नक्कल करते. दुसऱ्या श्वापदाला तर कोकऱ्यासारखी दोन शिंगे आहेत आणि बोलणे मात्र अजगराचे. म्हणून श्वापद कोण, हे विचारण्याआधी कोकरा कोण हे वाचकाच्या मनात स्पष्ट असावे लागते.

मतभेदांविषयी

एवढे करूनही सर्वांचे एकमत होणार नाही. ही दर्शने मुख्यतः पहिल्या शतकात पूर्ण झाली असे काही जण मानतात. काही जण त्यांत मंडळीच्या सगळ्या इतिहासाचा क्रम पाहतात. काहींच्या मते बहुतेक गोष्टी शेवटच्या काळात घडायच्या आहेत. आणि काही जण ती प्रत्येक युगातल्या संघर्षाची चित्रे मानतात. दानीएलाच्या चार पशूंविषयीही बाबेल, मेदी-पारसी, ग्रीस, रोम असा एक क्रम आहे, आणि मेदी व पारसी वेगळे धरून ग्रीसपाशी थांबणारा दुसरा. आपली मंडळी कोणते मत धरते ते समजून घ्यावे आणि दुसऱ्या मताचा एक तरी प्रामाणिक लेखक वाचावा.

तारखा काढण्यापासून मात्र दूर राहावे. अमेरिकेतील विल्यम मिलर या श्रद्धावान शेतकऱ्याने दानीएल ८:१४ मधील, पवित्रस्थान शुद्ध होईपर्यंतच्या २३०० दिवसांना वर्षे मानले आणि इ. स. पू. ४५७ पासून मोजून ख्रिस्ताचे आगमन १८४३-४४ च्या सुमारास होईल असे ठरवले. शेवटी त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. ती रात्र सरली आणि हजारो लोक रडत घरी गेले. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. पण त्याच अध्यायातली इतर प्रतीके गब्रीएल दूताने उलगडलेली आहेत : एडका म्हणजे मेदी-पारसी, बकरा म्हणजे ग्रीस, मोठे शिंग म्हणजे त्याचा पहिला राजा, आणि ते मोडल्यावर त्याच्या जागी चार. तो राजा म्हणजे अलेक्झांडर इ. स. पू. ३२३ मध्ये बाबेलमध्ये मरण पावला आणि राज्य सेनापतींत वाटले गेले. त्यांपैकी एका घराण्यातील चौथ्या अँटिओकसने इ. स. पू. १६७ मध्ये यरुशलेमेचे मंदिर भ्रष्ट केले आणि इ. स. पू. १६४ मध्ये ते पुन्हा शुद्ध झाले. पुष्कळ अभ्यासक ते २३०० दिवस याच काळाला लावतात. सरळ रेघेवरचे आधी वाचले असते, तर तुटक रेघेवर एवढा भार पडला नसता.

सुरुवात कुठून करावी

प्रकटीकरणापासून करू नये. पहिल्या आठवड्यात दानीएलाचा दुसरा आणि आठवा अध्याय घ्यावा, कारण तिथे चित्र आणि उलगडा शेजारी शेजारी आहेत. दुसऱ्या आठवड्यात दानीएलाचा सातवा, तिसऱ्यात यहेज्केलाचा पहिला आणि सदतिसावा, चौथ्यात जखऱ्याचे पहिले सहा अध्याय. चार रंगांचे घोडे आणि पृथ्वीभर फिरणारे सात डोळे तिथे भेटतील, आणि पुढे ओळखीचे वाटतील. मग प्रकटीकरणाचे पहिले पाच अध्याय एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने वाचावेत, कारण ते मंडळीत वाचून दाखवण्यासाठीच लिहिले गेले होते. तेराव्या अध्यायाला त्यानंतरच हात घालावा, आणि त्या दिवशी वहीच्या डाव्या पानावर दानीएलाच्या पशूंची डोकी व शिंगे स्वतः मोजून लिहावीत.